नववी ते कॉलेजचं पहिलं सत्र: गोव्यातल्या पालकांनी काय, कधी आणि किती करावं

मूल नववीत गेलं की घरात पहिली चर्चा ट्यूशनची होते. त्याआधी कागदांचं कपाट उघडा. अभ्यास मुलाने करायचा असतो आणि कोणत्या वाटेने जायचं हेही शेवटी त्यानेच ठरवायचं असतं. कागद, पैसा, तारखा, प्रवास आणि घरातली शांतता हे पालकांचं खातं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आई-बाबा रसायनशास्त्राचे धडे घेत बसतात आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या आदल्या दिवशी शोधतात.

नववी: नाव एक, स्पेलिंग एक

गोव्यातली सर्वांत त्रासदायक अडचण आडनावाच्या रोमन स्पेलिंगची आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत प्रभूंचे पोरोबो झाले, शेणवींचे सिनाय झाले, देसाईंमध्ये एक 'एस' वाढला. आजोबांच्या जन्मनोंदीत एक, वडिलांच्या मतदार ओळखपत्रावर दुसरं, मुलाच्या आधारवर तिसरं, अशी परिस्थिती असंख्य घरांत आहे. इतकी वर्षं त्यामुळे काही अडलेलं नसतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आणि जी जन्मतारीख छापली जाते, तीच पुढे जेईई, नीट, पासपोर्ट, बँक कर्ज सगळीकडे प्रमाण मानली जाते. शाळा गोवा शालान्त मंडळाकडे मुलाचं नाव पाठवते, त्याआधी ते तपासा. नंतर दुरुस्ती होते, पण मंडळाच्या आल्त-बेतीच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात.

क्रम असा ठेवा. आधी मुलाचा जन्मदाखला काढून त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. मग त्याप्रमाणे आधार करून घ्या. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळतं का ते मुख्याध्यापकांकडून पाहून घ्या. शेवटी बँक खातं. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, नावात फरक असला की अडकतात. जन्मदाखल्यावरचंच नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर 1990 च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करावा लागतो. ते काम नववीच्या वर्षातच सुरू करा, बारावीच्या वर्षात मुळीच नको.

याच वर्षी एक फाइल करा. तिच्यात जन्मदाखला, आई-वडिलांचे जन्मदाखले, रहिवासी दाखल्यासाठी लागणारे जुने पुरावे (शाळेचे दाखले, वीजबिलं, मतदार यादीतली नोंद), असल्यास जातीचा दाखला, आणि वडिलांच्या बाजूच्या कोणा नातेवाइकाचा जुना जातीचा पुरावा ठेवा. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. किती वर्षांचं वास्तव्य दाखवायचं, हे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं नसतं. घर बदललेलं असेल, काही वर्षं बाहेरगावी किंवा आखातात गेली असतील, तर पुरावे जमवायला वेळ लागतो.

आठवी-नववीत आणखी एक गोष्ट बघा. मूल तोंडी छान उत्तरं देतं पण लिहिताना अक्षरं गाळतं, वाचायला खूप वेळ घेतं, आकडे उलटे लिहितं, तर त्याला आळशी ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटे असा आहे. दहावीच्या जानेवारीत धावाधाव केली तर हे प्रमाणपत्र वेळेत हाती येत नाही.

दहावीचं वर्ष घरात कसं चालवायचं

आता गोव्यात वर्षाची आखणी बदलली आहे. 2025 साली दहावी-बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. त्याच वर्षी बारावीची परीक्षा 10 फेब्रुवारीला आणि दहावीची 1 मार्चला सुरू झाली. म्हणजे दिवाळीनंतर हाती साधारण तीन ते चार महिनेच राहतात. 'चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग बघू' हा जुना हिशेब आता चालत नाही. चतुर्थीच्या आधी निम्मा अभ्यासक्रम एकदा हाताखालून गेलेला हवा.

पण चवथीला मूल खोलीत बंद करू नका. माटोळी बांधायला, आरतीला, नेवऱ्या वळायला त्याला बसू द्या. सुट्टीतले दीड-दोन दिवस पूर्ण मोकळे आणि उरलेल्या दिवसांत सकाळचे तीन तास अभ्यास, असं आधी ठरवून ठेवलं की वाद होत नाहीत. सगळी सुट्टी अभ्यासाची म्हणून ठरवली की मूल पुस्तक समोर ठेवून बसतं आणि कान बाहेरच्या घुमटवादनाकडे असतात.

झोप हा विषय पालक फार हलका घेतात. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि वयात येताना झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते. रात्री अकराला झोप न येणं हा हट्टीपणा नसतो. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून सहाची बस पकडणारं मूल रात्री बारापर्यंत जागत असेल तर त्याला सहा तासही मिळत नाहीत, आणि दिवसा वाचलेलं रात्री पक्कं होत नाही. अशा मुलाची दुपारची झोप मोडू नका, 30 ते 40 मिनिटांची असू द्या. साडेदहानंतर घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे बाबांचाही.

ट्यूशन एका विषयाची घ्या, जो खरंच कच्चा आहे त्याची. बसचा वेळ धरून रोज तीन तास ट्यूशनमध्ये जात असतील तर स्वतः सोडवायला वेळच उरत नाही, आणि गणित स्वतः सोडवल्याशिवाय येत नाही. डिसेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, लांब वहीत. दुसऱ्या दिवशी तपासणी. तपासताना गुण मोजण्याआधी चुकांचे तीन ढीग करा: येतच नव्हतं, येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, आणि वेळ संपला. तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत. 'अजून अभ्यास कर' हा इलाज फक्त पहिल्या ढिगाला लागू पडतो.

शाखा निवडताना

गोव्यात अकरावी-बारावी हायर सेकंडरीत होते. प्रवेश शाळा आपापल्या गुणवत्ता यादीवर देतात. दोन-तीन ठिकाणी अर्ज करा, आणि त्यांतलं एक घरापासून एका बसच्या अंतरावर असू द्या. नामांकित शाळेसाठी रोज साडेतीन तास प्रवास करणारी मुलं अकरावीच्या ऑक्टोबरमध्येच थकलेली दिसतात.

आधी विषय, मग शाळा. प्रत्येक हायर सेकंडरीत प्रत्येक विषय नसतो. विज्ञान शाखेत गणित सोडलं तर अभियांत्रिकी, वास्तुकला, एनडीएतलं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल आणि नौदल, आणि मर्चंट नेव्ही हे दरवाजे त्या दिवशीच बंद होतात. जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय, दंतवैद्यकीय बंद. मूल खरंच गोंधळलेलं असेल तर भौतिक, रसायन, गणित आणि जीव असे चारही विषय घेऊ द्यावेत. भार वाढतो, पण निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. वाणिज्य शाखेतही गणित व संख्याशास्त्राचा पर्याय शाळेत असेल तर तो घ्यावा. सीए फाउंडेशनसाठी, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेसाठी, दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर.

दहावीनंतरच्या डिप्लोमाकडे गोव्यात उगाच दुय्यम म्हणून पाहिलं जातं. पणजी, मये आणि कुडचड्याची सरकारी पॉलिटेक्निक, वास्कोतली जहाजबांधणीची संस्था, वेर्ण्याचं आग्नेल, यांतून तीन वर्षांत हातात काम येतं आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्या वाटेवर जेईईचा ताण नाही. हाताने काम करायला आवडणाऱ्या, पण अडीचशे पानांचं सिद्धांताचं पुस्तक नकोसं वाटणाऱ्या मुलाला ही वाट बारावी विज्ञानापेक्षा खूप मानवते. आयटीआयलाही हेच लागू. फर्मागुडी, म्हापसा, मडगाव, वास्को, काकोडा इथे जाऊन मुलाला प्रत्यक्ष वर्कशॉप दाखवा. पुस्तिका वाचून काही कळत नाही.

मर्चंट नेव्हीचं आकर्षण सासष्टी आणि मुरगावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यासाठी एक गोष्ट सर्वांत आधी करा: अकरावीच्या प्रवेशाआधी मुलाच्या डोळ्यांची रंगदृष्टी तपासून घ्या. रंगांधळेपण असेल तर डेक आणि इंजिन दोन्ही बाजू बंद होतात, आणि हे अनेकांना बारावीनंतर वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर कळतं. पदवीसाठी आयएमयू सीईटी (भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा), भौतिक-रसायन-गणितात सरासरी 60 टक्के आणि इंग्रजीत 50 टक्के लागतात. पैसे घेऊन जहाजावर थेट नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. कंपनीकडे डीजी शिपिंगचा (केंद्राचं नौवहन महासंचालनालय) भरतीचा परवाना आहे का हे नंबर घेऊन त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा.

कला शाखेबद्दल बोलताना 'मग करणार काय?' हा प्रश्न मुलाला विचारण्याआधी तुम्ही शोध घ्या. मिरामार आणि मडगावची कायदा महाविद्यालयं बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. आल्तिनोला कला महाविद्यालय आहे. पर्वरीत हॉटेल मॅनेजमेंटची राष्ट्रीय संस्था आहे, तिची प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते.

निर्णय घेण्यासाठी दोन संध्याकाळी ठेवा. पहिल्या संध्याकाळी मूल बोलेल, तुम्ही फक्त लिहून घ्याल. दुसऱ्या संध्याकाळी पैसा, अंतर, आणि हे जमलं नाही तर दुसरी वाट कोणती, एवढंच बोला. चुलतभावाचे टक्के दोन्ही दिवशी काढायचे नाहीत.

अकरावी फुकट घालवू नये

अकरावीला बोर्ड नाही म्हणून घर सैल सोडतं. पण जेईई मेन आणि नीटचा जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा असतो, आणि बारावीचं भौतिकशास्त्र अकरावीच्या कॅल्क्युलस आणि गतिशास्त्राशिवाय समजत नाही. पहिल्या घटक चाचणीत दहावीचे नव्वद टक्के साठवर आले तर घाबरू नका. दहावीचा पेपर आठवणीवर जमतो, अकरावीचा जमत नाही, म्हणून ही घसरण जवळपास सगळ्यांची होते. चिंता करायची ती दुसऱ्या सत्रातही आकडा हलला नाही तर. तेव्हा शाखा बदलायचा विचार मोकळेपणाने करा. वाणिज्य शाखेत गेल्याने वर्ष वाया गेलं असं होत नाही. नको असलेल्या विषयात आणखी दोन वर्षं ढकलत नेली तर मात्र जातात.

कोचिंगसाठी मुलाला गोव्याबाहेर पाठवून बारावीही तिकडच्याच शाळेतून द्यायची, असा सल्ला मिळेल. त्याआधी हे लक्षात घ्या: एनआयटीमध्ये गृहराज्याच्या निम्म्या जागांसाठी विद्यार्थ्याने बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली ते पाहतात. आई-वडील गोव्याचे आणि जन्मही गोव्यातला, पण बारावी राजस्थानातून, तर कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यातल्या गृहराज्याच्या जागांवर त्याचा हक्क राहत नाही. गोव्यातल्या इतर व्यावसायिक प्रवेशांतही बारावी कुठून केली याचे नियम आहेत.

पोर्तुगीज नागरिकत्वाचंही इथेच बोलायला हवं. अनेक घरांत मूल अठराचं होण्याआधी लिस्बनला नोंद करून टाकू, असा विचार असतो. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व राहत नाही, आणि 4 मार्च 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय किंवा जादा जागांवर प्रवेश मिळतो. गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळी) साध्या जागेच्या फीमध्ये आणि एनआरआय जागेच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुलाला भारतात शिकायचं असेल तर हा कागद हलवण्याआधी जाणकार वकिलाला विचारा.

बारावी: अर्ज, दाखले, पसंतीक्रम

अभियांत्रिकीसाठी गोव्यात 2024 पासून राज्याच्या जीसीईटीऐवजी जेईई मेनचे गुण धरले जातात. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीयसाठी नीट. राज्याच्या जागांचा अर्ज पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा करावा लागतो. नीट दिली म्हणजे बांबोळीच्या गोमेकॉला अर्ज गेला, असा समज करून घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी मुदत चुकवतं. एकाच नीटवर दोन वेगळ्या नोंदण्या असतात: 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) आणि राज्याच्या जागांसाठी गोव्यात.

जेईई मेन साधारण जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, आणि चांगला निकाल धरतात. जानेवारीची बोर्डाच्या अगदी तोंडावर येते. बोर्डाची तयारी कच्ची असेल तर जानेवारीचा प्रयत्न सवयीपुरता ठेवा आणि एप्रिलवर भर द्या. बोर्ड सोडून चालणार नाही, कारण एनआयटी-आयआयटीसाठी खुल्या वर्गाला बारावीत 75 टक्के किंवा मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं आवश्यक आहे. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत. लवकर शाळेत घातलेल्या मुलांच्या पालकांनी ही तारीख आजच मोजावी.

अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा ईमेल टाकला की पासवर्ड त्याच्याकडे राहतो आणि जागा मिळाल्याचा संदेशही त्यालाच जातो. भरलेला अर्ज 'सबमिट' करण्याआधी मुलाने मोठ्याने वाचावा आणि तुम्ही गुणपत्रिका हातात घेऊन ऐकावं. दहा मिनिटं लागतात, आणि वर्ग, जन्मतारीख, आईचं नाव यांतल्या चुका त्यातच सापडतात. भाषेचं माध्यम इंग्रजीच ठेवा. मुलं पाचवीपासून इंग्रजीतून शिकलेली असतात, ऐन परीक्षेत पारिभाषिक शब्द मराठीत वाचताना अडखळतात.

दाखल्यांत सर्वाधिक घोळ ओबीसीचा होतो. गोव्याच्या यादीसाठीचा दाखला वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रीमी लेयर दाखला वेगळा. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, तेही पाहून घ्या. केंद्रीय प्रवेशासाठी दाखला त्या वर्षी 1 एप्रिलनंतर काढलेला लागतो. हौसेने मार्चमध्ये काढून ठेवलेला दाखला मग चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, पण आजोबांच्या कागदांवर तो नसतो, म्हणून ताजा दाखला आधीच करून ठेवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर मे अखेरपर्यंत कागद हातात येतो. जूनमध्ये मामलेदार कार्यालयात सगळा तालुका उभा असतो.

पसंतीक्रम भरताना पालक एक चूक हमखास करतात: 'हे मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकतात. यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि जिथे तुमचा क्रमांक पहिल्यांदा बसतो ती जागा देते. वर आवाक्याबाहेरची दहा नावं असली तरी खालच्या जागेवरचा हक्क जराही कमी होत नाही. म्हणून खरी आवड त्याच क्रमाने लिहा, आणि ज्या जागेवर जायचंच नाही ती यादीत घालू नका. जोसात, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांत, जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे हीच पक्की. स्लाइड म्हणजे संस्था हीच, शाखा वरची मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं काहीही चालेल. मुलाला घरापासून लांब जायचं नसेल तर फ्लोट दाबण्याआधी यादीतलं वरचं प्रत्येक नाव पुन्हा वाचा.

पैसा

वार्षिक फीपुरता हिशेब करू नका. हॉस्टेल, मेस, वर्षातून तीन वेळा घरी येणं, लॅपटॉप, अनामत, हे सगळं चार वर्षांसाठी एका कागदावर लिहा आणि तो कागद मुलालाही दाखवा. 'पैशांचं तू बघू नको' असं सांगितलेली मुलं ऐन प्रवेशाच्या वेळी 'परवडत नाही' ऐकतात, तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

आठवीत राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न 3.5 लाखांपर्यंत असावं लागतं. बारावीत मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असलेल्यांसाठी केंद्राची पदवीची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा 4.5 लाख. राज्यात समाजकल्याण आणि आदिवासी कल्याण खात्याच्या योजना आहेत, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. बँकेत जाण्याआधी ते विचारा. बँकेचं कर्ज साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकतं. शिक्षण चालू असताना साधारणपणे हप्ता नसतो, पण व्याज धावतच असतं: 5 लाखांवर 9 टक्क्यांनी वर्षाला 45,000, म्हणजे महिन्याला 3,750. जमत असेल तर तेवढं दरमहा भरत राहा. शिक्षण संपताना डोक्यावर फक्त मुद्दल राहील.

मूल गप्प झालं तर

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली, जेवण उतरलेलं, मित्रांचे फोन न घेणं, 'माझ्याने काही होणार नाही' असं वारंवार म्हणणं: यांतलं काही दिसलं तर गुणांचा विषय पूर्ण थांबवा आणि शाळेच्या समुपदेशकांशी बोला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, बांबोळीला मनोविकार संस्थेत ओपीडी आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा. निकालाच्या दिवशी घरात कोणीतरी मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि नातेवाइकांचे फोन त्या माणसाने घ्यायचे.

कॉलेजचं पहिलं सत्र

गोवा विद्यापीठात 2023-24 पासून चार वर्षांच्या पदवीची रचना आली. तीन वर्षांनंतरही पदवी घेऊन बाहेर पडता येतं. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, कौशल्याचे आणि भाषेचे पेपर निवडायचे असतात. दुय्यम विषयावर मुलं विचारच करत नाहीत, मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात. पुढे कोणत्या विषयात पदव्युत्तर करता येईल हे त्यावर ठरू शकतं, म्हणून त्या एका निवडीपुरतं विभागातल्या प्राध्यापकांना भेटायला मुलाला पाठवा. तुम्ही जाऊ नका.

हॉस्टेलला जाणाऱ्या मुलाला निघण्याआधीच्या महिन्यात पाच कामं एकट्याने करू द्या: बँकेत जाऊन एक व्यवहार, डॉक्टरांकडे एकट्याने जाणं, रेल्वेचं आरक्षण, आठवडाभराचे कपडे धुणं, आणि भात, डाळ, अंडी एवढं रांधणं. पैसे महिन्याचे एकदम न देता पहिले तीन महिने आठवड्याला द्या. फोन रोज एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. 'जेवलास?' नंतर 'आज कोणाबरोबर बसलेलास?' विचारा. सहा आठवडे झाले तरी एकही नाव ऐकू आलं नाही, तर शनिवारची गाडी पकडून भेटून या. रॅगिंगची शंका आली तर यूजीसीचा 1800-180-5522 हा मोफत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवलेला असावा.